मुळा-मुठेचे ऋण

नदीला माता म्हणण्याची आपली परंपरा पुरातन आहे. परंतु ही माता आजारी पडली असता तिच्या औषधपाण्याचा खर्च कोणाच्या खजिन्यातून व्हावा, त्यासाठी अर्ज कोणी, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत करावा, मंजूर झालेली रक्कम कोणत्या कामी लावावी आणि तिचा हिशेब अखेर कोणास द्यावा, या प्रश्नांचा विचार आपण स्तोत्रांच्या मानाने फारच थोडा केला आहे. पुणे शहरास हा विचार करणे आता भाग पडले आहे. मुळा आणि मुठा या दोन नद्यांच्या शुद्धीसाठी या शहराने सार्वजनिक निधी मागितला, तो मिळाला, आणि मिळालेला पैसा नदीपर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो याचाही अनुभव घेतला. हा अनुभव शहराच्या दफ्तरात बंद राहू नये, तो सामान्य नागरिकालाही कळावा, एवढ्यासाठी हा लेख.

१३ जानेवारी २०१६ रोजी नवी दिल्ली येथे भारत सरकार आणि जपानची आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था, जिला आपल्याकडे 'जायका' या संक्षिप्त नावाने ओळखतात, यांच्यामध्ये एक कर्जाचा करार झाला. रक्कम १,९०६ कोटी ४० लक्ष येन, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १,००० कोटी रुपये. व्याज सालिना ०.३० टक्के, फेडीची मुदत ४० वर्षे, आणि त्यांपैकी पहिली १० वर्षे सवलतीची. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मंजूर झालेल्या या प्रदूषण निवारण प्रकल्पाचा एकंदर खर्च ९९०.२६ कोटी रुपये धरला होता. त्यातील ८५ टक्के, म्हणजे ८४१.७२ कोटी, केंद्र सरकारने द्यावयाचे आणि उरलेले १५ टक्के, म्हणजे १४८.५४ कोटी, पुणे महानगरपालिकेने स्वतःच्या तिजोरीतून उभे करावयाचे, असे ठरले. या मांडणीचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. पैसा जपानचा, ऋणको भारत सरकार आणि लाभ पुण्याचा. म्हणजे ज्यांनी संगम पूल कधी डोळ्यांनी पाहिलाही नाही, अशा देशभरच्या करदात्यांनी हे हप्ते फेडावयाचे आहेत, आणि त्यांत पुण्याचेच मलिन पाणी ज्याच्या काठाशी येऊन थांबते तो सोलापूर जिल्ह्यातील शेतकरीही आला.

हा निधी ज्या नद्यांसाठी मागितला त्यांची भूमी कशी आहे हे पाहिल्यावाचून मागणीचे मोल कळणार नाही. मुठा सह्याद्रीच्या रांगांत उगम पावते आणि खडकवासल्याहून पुण्यात शिरते; मुळा मुळशीच्या बाजूने येते, तिला दापोडीजवळ पवना मिळते, आणि संगमवाडीपाशी मुळा व मुठा एक होतात. तेथून पुढे ही मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला, भीमा रायचूरजवळ कृष्णेला आणि कृष्णा आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र ज्या डोंगराच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर आहे, त्याच डोंगरावर पडलेले पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून अवघे दख्खनचे पठार ओलांडते, हा आपल्या भूगोलाचा एक विलक्षण विशेष होय. शिवाय या पाणलोटाचा एक वाटा पश्चिमेकडेही जातो. ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्याच धरणातले पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात उतरते, कुंडलिकेत मिसळते आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. म्हणजे एकाच डोंगराळ प्रदेशाचे पाणी दोन्ही किनाऱ्यांना भेटते. तेव्हा पुण्याची नदी ही केवळ पुणेकरांची खाजगी बाब आहे, असे म्हणण्यास या भूगोलात जागाच उरत नाही.

सार्वजनिक पैशाने पाण्याची कामे करणे पुण्यास नवे नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे तलाव बांधवून तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहराच्या हौदांपर्यंत आणविले. उतार आणि गुरुत्व यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही शक्तीचे साहाय्य न घेता ते पाणी शहरभर फिरत असे. पुढे १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीचा मोठा आधार घेऊन मुळा-मुठेवर बंधारा झाला. आजच्या बंडगार्डनच्या नावात त्याची स्मृती राहिली आहे. नंतर फाइफ नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या योजनेप्रमाणे १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण उभे राहिले, आणि स्वातंत्र्योत्तर काळात पानशेत, वरसगाव व टेमघर यांची त्यात भर पडून या साखळीची साठवण २९ अब्ज घनफुटांहून अधिक झाली. राजाचा खजिना, दानशूराची देणगी, परकीय सरकारचा महसूल आणि लोकनियुक्त सरकारची तरतूद, असे निधीचे चारही प्रकार या एका खोऱ्याने पाहिले. परंतु हा सर्व पैसा पाणी शहरात आणण्यासाठी खर्च झाला. वापरलेले पाणी नदीला परत करताना ते कोणत्या स्थितीत करावे, या प्रश्नाला त्या जमाखर्चात रकानाच नव्हता. पाण्याच्या या परतीच्या वाटेचा खर्च दोन शतके थकीत राहिला, आणि २०१६ चा करार म्हणजे त्या थकबाकीचा पहिला मोठा हप्ता होय, अशी माझी समजूत आहे.

वापरलेल्या पाण्याचा हिशेब कठीण नाही. शहरी पाणीपुरवठ्याच्या शासकीय मानकाप्रमाणे दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी लागते असे धरतात, आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी मैलापाणी होऊन परत येते. म्हणजे माणशी १०८ लिटर. एक लाख वस्तीमागे रोज एक कोटी आठ लक्ष लिटर. अभियंते हीच राशी दशलक्ष लिटर या परिमाणात मोजतात, म्हणून त्यांच्या भाषेत एक लाख वस्तीमागे सुमारे ११ दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र हवे. पुण्यासारख्या शहरात पाण्याचा वापर या मानकापेक्षा पुष्कळच अधिक असल्यामुळे मैलापाणीही त्या मानाने वाढते. शहर वाढले, इमारती उंच झाल्या, नळ घरोघर पोहोचले. प्रत्येक नव्या नळाबरोबर एक नवे गटार जन्मास येते ही गोष्ट मात्र नकाशावर फार उशिरा उमटली.

या पाण्याने नदीचे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक मोजमाप ठरविले आहे; त्याला जैवरासायनिक प्राणवायूची मागणी असे म्हणतात. मैलापाण्यातील सेंद्रिय द्रव्य हे जिवाणूंचे अन्न आहे आणि ते पचविताना हे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. पाण्याचा नमुना २७ अंश तपमानावर तीन दिवस ठेवून त्यातील किती प्राणवायू खर्च झाला हे पाहतात आणि तो आकडा दर लिटरला मिलिग्रॅममध्ये सांगतात. आता २५ अंश तपमानाच्या स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, आणि कच्च्या मैलापाण्याची मागणी तर साधारणतः दोनशेच्या घरात असते. ज्याच्या गाठी आठ रुपये आहेत त्याच्याकडे दोनशेची वसुली गेल्यावर त्याचे जे होईल, तेच नदीचे होते. तिचा प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात, आणि त्यानंतर प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू माजून काळा गाळ व कुजका वास उत्पन्न करतात. याच पाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी पोसली जाते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मुळा-मुठेवर जो हिरवा गालिचा पसरतो, तो वास्तविक शहराच्या मोऱ्यांतून वाहून गेलेल्या खताचे पीक होय. १९४२ साली फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने पुण्याच्या माशांवर लेख लिहिला, तेव्हा एका स्वतंत्र लेखाचा विषय होण्याइतकी मत्स्यसंपदा या पाण्यांत होती, एवढे स्मरणात ठेवले म्हणजे पुरे आहे. स्नानास योग्य अशा नदीत ही मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू ५ पेक्षा कमी नसावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. याच मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा त्यांपैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले निघाले. कोणत्याही राज्यातील ती सर्वांत मोठी संख्या होती.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ चा आहे, आणि केंद्राचा १९७४ चा. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्येच अस्तित्वात आले. परंतु कायदा मनाई करू शकतो, नळ घालू शकत नाही. त्याला पैसा लागतो. १९८५ मध्ये गंगेसाठी कृती योजना आखली गेली आणि १९९५ मध्ये तिचा विस्तार अन्य नद्यांपर्यंत करून राष्ट्रीय नदी संवर्धन योजना झाली, तेव्हा नदीसाठी निधी मागण्याची एक सरकारी वाट मोकळी झाली.

ही वाट चालणाऱ्यास प्रथम सविस्तर प्रकल्प अहवाल सिद्ध करावा लागतो. नदीचे आजचे पाणी कसे आहे, ते कोणकोणत्या ठिकाणी आणि कोणत्या ऋतूत तपासले. कोणता नाला किती मैलापाणी आणतो. तीस वर्षांनी वस्ती किती होईल. मैलापाणी नदीत पडण्यापूर्वी कोठे अडवावे, कोणत्या वाहिनीने कोठे न्यावे. केंद्रासाठी जागा कोणाच्या मालकीची आहे. आणि केंद्र बांधून झाल्यावर वीज, रसायने व माणसे यांचा सालोसालचा खर्च कोण सोसणार, या सर्वांचा तपशील त्यात असावा लागतो. देणाऱ्याने हा सर्व मजकूर तपासल्यावरच मंजुरी मिळते. सार्वजनिक पैशाचा अर्ज हे याचनापत्र नव्हे. ती एक प्रकारची प्रतिज्ञा असते, आणि अर्जातील प्रत्येक आकडा उद्या पाण्याशी रुजुवात करून पाहिला जाणार आहे या जाणिवेनेच तो लिहिला पाहिजे.

पुण्याच्या अहवालात शहराची त्या वेळची शुद्धीकरण क्षमता दररोज ४७७ दशलक्ष लिटर धरली होती. तीत ११ नव्या केंद्रांनी ३९६ ची भर घालून ती ८७३ पर्यंत न्यावयाची, ११३.६ किलोमीटर लांबीच्या मैलापाणी वाहिन्या टाकावयाच्या, २४ सार्वजनिक शौचालये बांधावयाची आणि सर्व केंद्रांवर एका ठिकाणाहून देखरेख ठेवावयाची, अशी ही योजना. वारजे, वडगाव, तानाजीवाडी, बाणेर, खराडी, मुंढवा, भैरोबा नाला, नायडू रुग्णालयाचा परिसर, धानोरी, मत्स्यबीज केंद्र आणि कृषी खात्याचे वनस्पती उद्यान ही ती ११ ठिकाणे; त्यांपैकी नायडू येथील केंद्र सर्वांत मोठे, १२७ दशलक्ष लिटरांचे, आणि मत्स्यबीज केंद्राचे सर्वांत लहान, केवळ ७ दशलक्ष लिटरांचे. आकडे नीरस वाटतील, परंतु त्यांत एक शहाणपण आहे: एकच प्रचंड केंद्र न बांधता नदीच्या प्रवाहाबरोबर ठिकठिकाणी केंद्रे बसविली, म्हणजे मैलापाणी दूरवर उपसून न्यावे लागत नाही आणि शुद्ध झालेले पाणी नदीला वरच्या अंगालाच परत मिळते.

करार झाला तेव्हा काम जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण व्हावे अशी मुदत होती. प्रत्यक्षात प्रकल्पाचे भूमिपूजनच ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले, आणि त्या वेळी प्रकल्पाची रक्कम १,४७० कोटींहून अधिक सांगण्यात आली. मधल्या वर्षांत निविदा निघाल्या, त्या अंदाजपत्रकापेक्षा पुष्कळ चढ्या दराने आल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. काही केंद्रांच्या जागा ताब्यात येण्यासही काळ लागला. या विलंबाचे खापर कोणा एकाच्या माथी फोडणे सोपे आहे, पण त्याने बोध होत नाही. बोध असा की, निधीची मंजुरी आणि कामाची सिद्धता या दोन भिन्न गोष्टी आहेत. जागेचा ताबा, दरांचा वास्तव अंदाज आणि निविदेच्या अटी यांची निश्चिती अर्जापूर्वीच झालेली असेल, तरच मंजूर झालेला पैसा वेळेवर पाण्यात उतरतो. एरवी कागदावर निधी पडून राहतो आणि कच्चे मैलापाणी मात्र एका दिवसाचीही रजा न घेता नदीत पडत राहते.

तथापि विलंबाहूनही मला अधिक चिंता वाटते ती अर्जात न मागितलेल्या गोष्टींची. पहिली गोष्ट म्हणजे खुद्द नदीचे पाणी. खडकवासल्याच्या खाली पावसाळा सरल्यावर मुठेच्या पात्रात डोंगराचे पाणी जवळजवळ येतच नाही. ते नळांत आणि कालव्यांत गेलेले असते, आणि पात्रातून वाहते ते बहुतांशी शहराने टाकलेले पाणी असते. आता असे समजा की, नवी केंद्रे उत्तम चालली आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्राणवायूची मागणी १० पर्यंत उतरली. हे यश मोठेच. परंतु स्नानाचा दंडक ३ चा आहे. केवळ मिश्रणाने तो गाठावयाचा, तर शुद्ध केलेल्या पाण्याच्या एका भागाला, मागणी अवघी १ असलेल्या निर्मळ पाण्याचे साडेतीन भाग जोडावे लागतील. ते कोठून आणावयाचे? प्रवाह खळाळता असेल, पात्रात खडक, वाळू व झाडी असेल, तर हवेतला प्राणवायू मिसळून नदी स्वतःही काही शुद्धी करून घेते. परंतु त्यासाठी पात्र मोकळे असावे लागते आणि त्यात थोडा तरी बारमाही प्रवाह असावा लागतो. धरणातून नदीसाठी म्हणून राखून सोडलेल्या पाण्याला अंदाजपत्रकात स्वतंत्र स्थान मिळाल्याखेरीज हे घडणार नाही.

दुसरी गोष्ट ओढ्यांची. नदी म्हणजे केवळ तिचे मुख्य पात्र नव्हे. रामनदी, देवनदी, आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला यांचे जाळे म्हणजेच ती नदी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अनेकांचे प्राण गेले, तेव्हा हा प्रवाह आपण किती अरुंद करून सोडला आहे, हे शहराने फार मोठी किंमत देऊन जाणले. टेकड्यांवर मुरणारे पाणी, ओढ्यांचे काठ, झरे आणि विहिरी यांची कामे लहान असतात, त्यांचे उद्घाटन थाटाने होत नाही, आणि म्हणून ती मोठ्या अर्जात मावत नाहीत. परंतु पावसाळ्यानंतर नदीला पाणी पुरविण्याचे सामर्थ्य याच कामांत आहे. पुण्यातील जीवितनदीसारख्या संस्थेने नदीकाठाचा एकेक पट्टा दत्तक घेण्याची जी प्रथा नागरिकांत रुजविली आहे, तिचे महत्त्व यासाठी मानावयाचे की, काठावर नित्य जाणारा माणूस हाच नदीचा पहिला निरीक्षक असतो. पाण्याचा रंग कोणत्या दिवशी बदलला, हे अहवालाच्या आधी त्याला कळते.

तिसरी गोष्ट देखभालीची. अशा योजनांत बांधकामाला मोठे साहाय्य मिळते. चालविण्याचा भार अखेर शहरावरच येतो. मैलापाणी शुद्धीकरण केंद्र हे देवळासारखे नसते की एकदा बांधले म्हणजे पिढ्यान् पिढ्या उभे राहील. त्यातील जिवाणूंना अहोरात्र हवा पुरवावी लागते, म्हणजे अहोरात्र वीज लागते. काही तास वीज गेली किंवा पंप बंद पडला, तर त्या काळाचे सारे पाणी जसेच्या तसे पात्रात जाते. म्हणून अनुदानाच्या आकड्याइतकेच लक्ष नागरिकांनी महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकातील या एका ओळीवर ठेवले पाहिजे. दरसाल प्रसिद्ध होणारा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल त्यासाठीच आहे. तो वाचणारे डोळे मात्र हवेत.

आणि हे सर्व कोणासाठी? मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे वापरलेले पाणी उचलून बेबी कालव्याने दौंड आणि हवेलीच्या शेतांकडे नेले जाते. तेथे त्याच पाण्यावर पिके उभी आहेत. जे उरते ते भीमेतून उजनीच्या जलाशयात साठते. ११७ अब्ज घनफूट पाणी धारण करणाऱ्या या जलाशयाच्या काठी, भिगवणला, दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात; याच पाण्यातून सोलापूर शहराची तहान भागते. उजनीच्या खाली भीमा पंढरपुरास पोहोचते आणि चंद्रभागा होते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या दर आषाढी वारीत पुण्यात मुक्काम करतात, पुणेकर वारकऱ्यांच्या पायांवर मस्तक ठेवतात. आणि तोच वारकरी सुमारे पंधरवड्याने ज्या पाण्यात श्रद्धेने बुडी मारतो, त्यात पुण्याच्या मोरीतून निघालेल्या पाण्याचाही अंश असतो. वारकऱ्याला अन्नदान करणाऱ्या शहराने त्याच्या स्नानाच्या पाण्याची चिंता करू नये, ही विसंगती मनाला लागल्यावाचून राहत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, नदीसाठी पुढचा अर्ज जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा तो प्रकल्पाच्या नावाने न लिहिता पाणलोटाच्या नावाने लिहावा. त्यात केंद्रांबरोबर ओढे असावेत, वाहिन्यांबरोबर बारमाही प्रवाहाची तरतूद असावी, बांधकामाबरोबर निदान एका पिढीच्या देखभालीची हमी असावी, आणि यशाची कसोटी पुण्यातील पूर्ण झालेल्या बांधकामावर न ठेवता खालच्या अंगाच्या पाण्याच्या नमुन्यांवर ठेवावी. जपानच्या कर्जाचा शेवटचा हप्ता ठरल्याप्रमाणे २०५६ च्या सुमारास फिटेल. त्याची पावती सरकारी दफ्तरात जमा होईल. मुळा-मुठेच्या ऋणाची पावती मात्र त्या दफ्तरात मिळावयाची नाही. ती उजनीच्या काठचा कोळी देईल, जाळ्यात कोणते मासे आले ते पाहून. आणि पंढरपूरच्या वाळवंटात उभा असलेला वारकरी देईल, ओंजळीत घेतलेले पाणी निःशंक मनाने ओठांशी नेऊन.